हिमनद्यांच्या पाण्यात कयाक: बेळगावात बसून तयारी कशी करायची?

अनगोळ_नाका

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, बेळगाव आणि खानापूरचे, वय ३१ ते ५२. पुढच्या जुलैत अलास्कातल्या ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये आठ दिवस कयाकने हिंडायचा बेत आहे. जुनोहून विमानाने गस्टेव्हस, तिथून बार्टलेट कोव्ह, एवढं नकाशावर कळलंय. चौघांनाही पोहता येतं. दोघांना गणेशगुडीच्या राफ्टिंगचा आणि वर बसून चालवायच्या प्लास्टिक कयाकचा अनुभव आहे, उरलेल्या दोघांची पाटी कोरी.

गाईड घ्यावा की भाड्याने कयाक घेऊन आपले आपण जावं, हे ठरत नाहीये. ड्रायसूटचं (पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटचं) भाडं बघून डोळे पांढरे झालेत. गोव्यात मिळतो तसला ३ मिमीचा वेटसूट चालणार नाही का? सराव कुठे करायचा, राकसकोप की हिडकल? दोघं शाकाहारी आहेत, त्यातला एकजण कांदा-लसूणही खात नाही, मग आठ दिवसांचं खाणं कसं बसवायचं? आणि अस्वलं. त्याबद्दल घरच्यांना काय सांगायचं तेही सांगा की.

काळीकाठ

वेटसूटचं आधी निकालात काढू. ग्लेशियर बेचं पाणी भर उन्हाळ्यातही ४ ते ८ अंशांच्या आसपास असतं, बर्फाजवळ त्याहून खाली. ३ मिमीचा वेटसूट २७-२८ अंशांच्या पाण्यासाठी असतो. त्यात पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेवर तापतं. इथे तापवायला अंगात तेवढी ऊब शिल्लक राहणार नाही. ड्रायसूटच घ्या, आणि विकत न घेता तिथेच भाड्याने घ्या.

थंड पाण्यात माणूस गारठून मरतो ही समजूत अर्धीच खरी आहे. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिस्ब्रेख्ट १-१०-१ असा हिशोब सांगतात, तो चौघांनी पाठच करा. पहिलं १ मिनिट श्वासावर ताबा नसतो. माणूस हबकतो, धाप लागते, आणि त्यात तोंड पाण्याखाली असलं की पाणी थेट आत. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर बोटं वळत नाहीत, बकल उघडत नाही, दोर पकडता येत नाही. बेशुद्ध व्हायला मात्र साधारण १ तास लागतो. म्हणजे गारठ्याने जीव जायच्या कितीतरी आधी माणूस बुडतो. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, पण त्या पहिल्या मिनिटाला पोहण्याचा उपयोग नाही. लाइफ जॅकेट अंगावर असणं, तेही बकलं लावून, एवढंच उपयोगी. सीटमागे अडकवून ठेवलेलं जॅकेट म्हणजे शोभेची वस्तू.

ड्रायसूटमध्ये चुकतं ते बहुतेक चेनमध्ये. शेवटचा एक सेंटिमीटर उघडा राहतो आणि पाण्यात पडल्यावर पायात पाणी भरतं. चेन स्वतःची स्वतः तपासायची नाही, जोडीदाराने बोट फिरवून बघायची. मानेच्या आणि मनगटाच्या लेटेक्स पट्ट्या अंगठी, घड्याळ, वाढलेली नखं यांनी फाटतात, तेव्हा आधी ती काढा. चढवताना टाल्कम पावडर लावा. चेन लावली की उकिडवे बसा, मानेची पट्टी बोटाने थोडी उघडून आतली हवा बाहेर जाऊ द्या. हवा राहिली तर पाण्यात पाय वर आणि डोकं खाली अशी अवस्था होते. आत लोकर किंवा फ्लीस घाला. सुती बनियनसुद्धा नको. सूट नुसता कोरडा ठेवतो, ऊब देतात ते आतले कपडे.

आता कयाकमधून बाहेर पडणं. तुम्ही चालवलेल्या कयाक वर बसायच्या. त्या उलटल्या की माणूस आपोआप वेगळा होतो. सी-कयाकमध्ये कमरेपर्यंत आत बसायचं आणि स्प्रे स्कर्टने (कमरेभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या कापडाने) कयाकचं तोंड बंद. उलटल्यावर डोकं खाली असतं. तेव्हा पुढे वाकायचं, दोन्ही हात काठावरून पुढे सरकवत स्कर्टची पट्टी शोधायची, ती आधी पुढे आणि मग वर ओढायची, तळवे मांड्यांच्या बाजूला टेकवून कंबर मागे ढकलायची. वर आल्यावर कयाक सोडायची नाही, वल्हंही नाही. हे हातमोजे घालून, डोळे मिटून, प्रत्येकाने किमान २० वेळा केलेलं असावं. पट्टी आत दुमडून राहिली तर ती सापडत नाही. म्हणून स्कर्ट लावला की ‘पट्टी बाहेर’ असं मोठ्याने म्हणायची सवय लावा.

राकसकोप विसरा, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. हिडकल आणि मलप्रभेवरचं नविलुतीर्थ ही धरणं नीरावरी निगमच्या (कर्नाटकच्या पाटबंधारे महामंडळाच्या) ताब्यात, तिथे परवानगीशिवाय उतरायचं नाही. चिकोडीकडची कृष्णा नको, मगरी आहेत. दांडेलीच्या काळीतही आहेत, त्यामुळे तिथे स्थानिक बोटवाले दाखवतील तेवढ्याच पट्ट्यात. वल्हवायचा दम रामनगरमार्गे गणेशगुडीला जाऊन वाढवा, पण उलटून बाहेर पडायचा सराव पोहण्याच्या तलावात परवानगी काढून, किंवा गोवा-कारवार किनाऱ्यावर बंद कॉकपिटची कयाक असलेल्या प्रशिक्षकाकडे करा. जुलैत जायचं तर सराव नोव्हेंबर ते मे. जूनला आपल्या नद्या तांबड्या झाल्या की बंद.

गारठ्याचा सराव म्हणून एकच गोष्ट घरी करता येते. बर्फाच्या कारखान्यातून ६-७ किलो बर्फ आणा, २० लिटरच्या बादलीत पाणी घालून १० मिनिटं ठेवा, थर्मामीटरने ५ अंशांच्या खाली गेलंय का बघा. मग दोन्ही हात मनगटापर्यंत ३ मिनिटं बुडवून लगेच बकल लावणं, दोराची गाठ सोडणं, लायटर पेटवणं करून बघा. ज्याला बकल लागत नाही त्याला ड्रायसूटचं भाडं महाग वाटणार नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्याने हा प्रयोग करू नये, आणि कुणीही सबंध अंग बुडवून एकट्याने तर मुळीच नाही.

येळ्ळूरगड

काळीकाठ अण्णांच्या सगळ्याला दुजोरा. मी पाण्याचं आणि बर्फाचं सांगतो.

ग्लेशियर बे म्हणजे हिमनदीने मोकळं केलेलं समुद्राचं आखात आहे. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथे पोचली तेव्हा आखात जवळजवळ नव्हतंच, बर्फाची भिंत तोंडाशीच होती. १८७९ मध्ये जॉन मूर गेले तेव्हा ती कित्येक मैल मागे सरली होती. आता बार्टलेट कोव्हपासून मार्जरी हिमनदी साधारण १०५ किमी आत आहे. आठ दिवसांत वल्हवत जाऊन यायचं म्हटलं तर रोज २६ किमी होतात. नवख्यांनी भरलेल्या कयाकमध्ये दिवसाला १२ ते १५ धरावेत, त्यातही एक दिवस वाऱ्यापावसात तंबूत बसून जाणार असं गृहीत धरून. त्यामुळे दिवसभर पर्यटकांना फिरवणारी बोट असते तिनेच कयाकसकट ठरलेल्या किनाऱ्यावर उतरायचं आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागेवरून परत चढायचं. त्याचं आरक्षण आधी लागतं.

उत्तरेला दोन फाटे आहेत. पश्चिम फाट्यात मोठ्या हिमनद्या समुद्राला टेकतात, पण क्रूझ जहाजंही तिकडेच जातात. पूर्वेचा मूर इनलेट शांत. तिथला वरचा भाग आणि अ‍ॅडम्स इनलेट उन्हाळ्यात काही काळ मोटारबोटींना बंद असतात. मूर हिमनदी आता पाण्याला टेकत नाही, जमिनीवर मागे गेली आहे. कोसळणारा बर्फच बघायचा असेल तर पश्चिम, कयाक करायची असेल तर पूर्व. माझं मत पूर्वेला.

भरती-ओहोटी हा तिथला खरा मालक. मालवण-वेंगुर्ल्याला उधाणालाही पाणी दोन-तीन मीटर चढतं. ग्लेशियर बेत हा फरक साडेसात मीटरपर्यंत जातो. भरती सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात १, मग २, ३, ३, २ आणि सहाव्या तासात १. फरक ६ मीटर धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी दीड मीटर पाणी चढतं. किनाऱ्याचा उतार २० ला १ असला तर एका तासात पाणी ३० मीटर आत येतं. जेवायला बसलात आणि कयाक दहा मीटरवर ठेवली, तर जेवण होईपर्यंत ती तरंगत गेलेली असेल. रात्री कयाक नेहमी वाळलेल्या शेवाळाच्या सगळ्यात वरच्या रेषेपलीकडे, गवतात, आणि झाडाला किंवा मोठ्या धोंड्याला बांधून. भरलेली कयाक उचलायला चौघं लागतात. रिकामी करून दोन फेऱ्यांत न्या, कंबर शाबूत राहील. उधाणाच्या दिवसांत तंबूही आणखी वर.

प्रवाहाचंही तेच. सिटाकडे नॅरोज या चिंचोळ्या जागेत प्रवाह ६ नॉट्सच्या (तासाला ११ किमीच्या) आसपास जातो. तुमचा वेग जेमतेम ३ नॉट्स. म्हणजे तिथे वल्हवायचं की नाही हे तुमच्या दंडावर अवलंबून नाही, भरतीच्या तक्त्यावर आहे. पाणी थांबतं त्या वेळेच्या आसपासच पार करायचं. तक्ता जुनोचा असेल तर जागेनुसार वेळेत फरक लावावा लागतो, हे विसरलं की सगळाच घोटाळा.

हिमनदीसमोर किमान ८०० मीटर अंतर. भिंत ६० मीटर उंच असली तरी कोसळणारा तुकडा तेवढ्यात थांबत नाही, आणि पाण्याखालून सुटलेला तुकडा उसळून भिंतीपासून बराच पुढे वर येतो. त्याला वरून कसलाच इशारा नसतो. लाट आली तर तिच्याकडे तोंड करून वल्हवत राहा. खोल पाण्यात ती नुसती वरखाली करते, उथळ किनाऱ्यावर मात्र फुटते. म्हणून हिमनदीच्या समोरच्या किनाऱ्यावर फोटो काढायला उतरलात तरी कयाक पाण्याच्या कडेला सोडायची नाही.

सुट्या हिमनगापासून त्याच्या लांबीएवढं किंवा उंचीच्या दुप्पट, जे जास्त असेल तेवढं लांब. नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो आणि खालून वितळत गेला की तोल जाऊन पालटतो. त्यावर चढून फोटो काढणारे आंतरजालावर दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. बर्फाचे तुकडे वाऱ्याने आणि ओहोटीने एका बाजूला जमा होतात. सकाळी मोकळा असलेला खाडीचा मुखभाग दुपारी बंद झालेला असतो. आत शिरण्यापूर्वी वारा कुठून आहे, ओहोटी कधी लागणार, दोन्ही बघून बाहेरची वाट ठरवायची. आणि दुपारनंतर हिमनदीवरची थंड जड हवा उतारावरून खाली घसरते, हा वारा अचानक लागतो. पहाटे पाचला निघा, दुपारी एकला तंबू. जुलैत उजेड रात्री उशिरापर्यंत असतो, त्यामुळे घाई नाही, पण त्या उजेडाच्या भरवशावर संध्याकाळी पाण्यात राहू नका.

गाईडचं म्हणाल तर, पहिले दोन-तीन दिवस बार्टलेट कोव्हलगतच्या बियर्डस्ली बेटांत काढले तर गाईडशिवायही जमेल. पाणी आडोशाचं, बेटं जवळजवळ. फक्त तिथली एक अरुंद वाट भरतीतच पार होते, ओहोटीला चिखल.

जांबोटी_पाऊस

खाण्याचं मी सांगते.

एका माणसाला दिवसाला कोरडं खाणं ८०० ग्रॅम धरा. थंडीत वल्हवताना ३,००० ते ४,००० कॅलरी लागतात, तेवढ्या तेला-दाण्यांशिवाय बसत नाहीत. चार माणसं आठ दिवस म्हणजे ३२ माणूस-दिवस, साधारण २५-२६ किलो. हे सगळं अस्वलाला उघडता न येणाऱ्या जाड प्लास्टिकच्या डब्यांत जातं. ते डबे पार्ककडून मिळतात. ११-१२ लिटरच्या एका डब्यात एका माणसाचं ६ ते ७ दिवसांचं खाणं दाबून बसतं, म्हणजे ५ डबे, आणि सहावा टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, कचऱ्याची पिशवी यांना. वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलाच्या लेखी खाणंच. डब्याचा व्यास साधारण २२ सेंमी असतो, तो कयाकच्या लहान गोल हॅचमधून (सामानाच्या कप्प्याच्या तोंडातून) आत जात नाही. भाड्याची कयाक घेताना मोठी लांबट हॅच आहे ना ते एक रिकामा डबा घालून बघा. डबे सीटच्या लगेच मागे-पुढे, तळाला. तंबू-कपडे टोकांना. टोकांत जड सामान भरलं की कयाक लाटेत नाक खुपसते.

बेळगावहून काय न्यायचं? तांदूळ आणि अख्खा हरभरा अमेरिकेत नेता येत नाही, खापरा नावाच्या किडीमुळे. पोहे-मुरमुऱ्यांवरून विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ओट्स आणि तांदूळ जुनोला घ्या. दुधाच्या पदार्थांवरही निर्बंध आहेत, तेव्हा कुंदा इथेच खाऊन निघा. थालीपिठाची भाजणी, भाजलेल्या दाण्यांची चटणी, मेतकूट, भाजलेलं नाचणीचं पीठ, खजूर, हे आधी कस्टमच्या फॉर्मवर लिहून न्या. न लिहिल्याचा दंड असतो, लिहून जप्त झालं तर फक्त पदार्थ जातो. कांदा-लसणाशिवायवाल्यासाठी वेगळं पाकीट आणि वेगळा चमचा ठेवा, तयार सूपच्या पाकिटांत कांद्याची पूड असतेच.

तिथे रांधायचं कमी, पाणी उकळायचं जास्त. कुकर नको. चौघांना दिवसाला साधारण ८ लिटर उकळतं पाणी लागेल. २३० ग्रॅमच्या गॅस डब्यात, वारा अडवणारा पत्रा लावून, १०-१२ लिटर उकळतं. म्हणजे आठ दिवसांना ६ डबे, आणि एक जास्तीचा. गॅसचे डबे आणि अस्वलाचा स्प्रे विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत, दोन्ही तिथेच विकत घ्या आणि परतताना तिथेच सोडा.

हिमनदीचं पाणी ताकासारखं पांढुरकं दिसतं. तो खडकाचा बारीक भुगा. थेट फिल्टरला लावलं की दोन-चार लिटरांत फिल्टर चोंदतो. रात्री पातेल्यात निवळत ठेवा, सकाळी वरचं पाणी ओता, मग फिल्टर करा किंवा खळखळून १ मिनिट उकळा. स्वच्छ झरा मिळाला तर तिथूनच भरून घ्या, पण उकळणं सोडू नका.

स्वयंपाक आणि जेवण तंबूपासून १०० मीटर लांब, तेही भरतीरेषेच्या खालच्या दगडांत, म्हणजे सांडलेलं शीत भरती धुऊन नेते. भाजणी लावताना हिंग-फोडणीचा घमघमाट सुटतो ते कपडे तंबूत नेऊ नका. भांडी तिथेच धुवा. डबे तंबूपासून लांब, मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवायचे, झाडाला टांगायचे नाहीत, आणि उतारावर नको, लाथेसरशी घरंगळत पाण्यात जातात.

अस्वलाबद्दल घरच्यांना सांगा की अचानक समोरासमोर येणं टाळलं तर धोका बराच कमी होतो. झुडपांत शिरताना मोठ्याने बोलत जा. किनाऱ्यावर ताजे पाय किंवा विष्ठा दिसली तर उतरूच नका, पुढचा किनारा बघा. लांबून दिसलं तर किमान ९० मीटर अंतर. जवळ आलं तर चौघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, शांत आवाजात बोलायचं, पळायचं नाही. स्प्रे छातीवर हवा, बॅगेत नाही. तो ६ ते ८ मीटरवर मारायचा, वारा आपल्याकडे असला तर आपलेच डोळे जातात. मूस हा उंटाएवढा सांबर समजा, पिल्लू बरोबर असलेली मादी अस्वलाइतकीच चिडकी. अस्वलासमोर पळायचं नसतं, मूस अंगावर आला तर मात्र पळून झाडाआड जायचं. सील बर्फावर पिल्लं घेऊन बसलेल्या असतात. कयाक आवाज न करता जवळ गेली की दचकून पाण्यात उड्या घेतात आणि पिल्लू बर्फावर एकटं राहतं. त्यांनी माना वर केल्या की तुम्ही फार जवळ आलात.

अनगोळ_नाका

मंडळी, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बादलीचा प्रयोग या रविवारीच करतो. दोन शंका राहिल्या. दोघं एकाच कयाकमध्ये बसायची डबल घ्यावी की प्रत्येकाला वेगळी? आणि मोबाइलला रेंज नसेल तर संपर्काला सॅटेलाइट मेसेंजर इथूनच घेऊन जावा का? ऑनलाइन दिसतोय.

निपाणी_वल्हं

इथून मुळीच नेऊ नका ओ. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवर संदेश पाठवणारं यंत्र भारतात बाळगणं कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल. परतताना आणलं तरी तेच. जुनोला भाड्याने घ्या, तिथेच परत करा. सोबत व्हीएचएफ रेडिओ, १६ नंबरचा चॅनेल. डोंगरांच्या खोबणीत त्याचा आवाज पोचतोच असं नाही, पण जवळून जाणारी बोट ऐकते. दोन्ही यंत्रं कयाकमध्ये न ठेवता लाइफ जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधून. कयाक गेली तरी तुमच्याजवळ राहिली पाहिजेत. बॅटऱ्या रात्री झोपण्याच्या पिशवीत, थंडीत त्या लवकर उतरतात. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच.

डबल घ्या. नवखा पुढे, अनुभवी मागे, रडरचे (सुकाणूचे) पेडल मागच्याकडे. डबल रुंद असल्याने सहजी उलटत नाही. पण उलटली तर दोघं एकदम पाण्यात आणि दोन्ही कॉकपिट भरलेले, शंभर-दीडशे लिटर पाणी. हातपंप मिनिटाला फार तर ३० लिटर काढतो, तोही हात ताजे असताना. म्हणून दोन डबल नेहमी हाकेच्या अंतरावर ठेवायच्या, चार-पाच कयाकलांबीपेक्षा जास्त नाही. उलटली तर दुसरी डबल येऊन आडवी धरून ठेवते, पाण्यातला एकजण पलीकडून तोल धरतो, दुसरा मागच्या कॉकपिटवर पालथा चढून पाय आत घेतो आणि वळून बसतो, मग पहिला चढतो. आधी माणसं वर, मग पाणी. पाणी आधी उपसत बसलात तर त्या १० मिनिटांतली ५ तिथेच जातात. हा सराव सामान भरलेल्या कयाकमध्ये करा, रिकामी उलटवणं आणि भरलेली उलटवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

येळ्ळूरगड यांच्या एका मुद्द्याला मात्र माझा विरोध. चौघांतले दोघं कोरे असताना गाईडशिवाय बियर्डस्ली बेटंसुद्धा नकोत. धुकं उतरलं की ती सगळी बेटं सारखीच दिसतात. बोटीने आत गेलात तर गाईड हवाच. पैसे वाचवायचे असतील तर दिवस कमी करा, गाईड कमी करू नका. आठऐवजी पाच दिवस गाईडसोबत, पुढचे दोन बार्टलेट कोव्हच्या आसपास आपले आपण. रात्री राहायचं तर पार्कचा परवाना आणि माहितीचा वर्ग दोन्ही सक्तीचे आहेत, त्यासाठी एक पूर्ण दिवस सोडा.

आणि मूळ बेत तळी-हिमनद्यांचाच असेल, समुद्राचा हट्ट नसेल, तर अँकरेजहून अलास्का रेल्वेने स्पेन्सर हिमनदीच्या थांब्यावर उतरून तिथल्या तळ्यात गाईडसोबत एक-दोन दिवस कयाक होते. भरती-ओहोटीची कटकट नाही. हिमनग मात्र तितकेच, आणि पाणी आणखी थंड. जुनोचं मेंडेनहॉल तळं शहराला लागूनच आहे, पण वरच्या सुइसाइड बेसिनमध्ये साठलेलं पाणी २०११ पासून बर्फाखालून वाट काढून अचानक सुटतं, बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच. निघायच्या दिवशी पाण्याची पातळी आणि इशारे बघितल्याशिवाय तिकडे उतरायचं नाही.

जांबोटी_पाऊस

एक राहिलं. पाऊस. आमगाव-कणकुंबीचा पाऊस बघितलेल्याला तो पाऊस किरकोळ वाटेल, पण तो १० अंशांतला आणि दिवसभर झिमझिमणारा असतो. आपल्याकडे भिजलेला माणूस चुलीशी बसून वाळतो, तिथे वाळायला काही नाही. म्हणून रात्रीच्या कपड्यांचा एक जोड ड्राय बॅगमध्ये, आणि तो फक्त तंबूत घालायचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. कोरडा जोड पाण्यावर घातला की रात्रीला काही उरत नाही. पायात शेतात घालतात तसले गुडघ्यापर्यंतचे गमबूट, एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे.

अनगोळ_नाका

गाईडचं पटलं, पाच दिवसांवर आणतो. ड्रायसूट भाड्याचाच. पण आमच्यातल्या एकाला पुण्यात जुना ड्रायसूट स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?

काळीकाठ

मान आणि मनगटाच्या पट्ट्या ताणून बघा. चिकट लागल्या, बारीक भेगा दिसल्या किंवा ओढल्यावर जागेवर आल्या नाहीत तर लेटेक्स गेलंय. पट्ट्या बदलता येतात, पण ते काम करणारा इथे शोधावा लागेल. मग चेन लावून, मनगटं आणि मान दोरीने आवळून सूट फुगवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. चेन दुमडून ठेवलेली असेल आणि दाते तुटले असतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. घेतलाच तर गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात लेटेक्स एका मोसमात विरघळतं. धुऊन, सावलीत वाळवून, पट्ट्यांना टाल्कम लावून, चेन उघडी ठेवून सैल गुंडाळी करून कपाटात.